यजमान रिकामा नाही

२ मार्च
डेजॉनमधल्या नव्या नोकरीचा पहिला दिवस डुकराच्या मुंडक्याने सुरू झाला! प्रयोगशाळेत रेणूंचे आलेख काढणारं नवं एनएमआर यंत्र आलंय. ते नीट चालावं म्हणून त्याच्यापुढे मुंडकं, तांदळाचे केक आणि तांदळाची दारू माक्कॉल्ली मांडून सगळ्यांनी नमस्कार केला. वाकताना प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचा टाय केकमध्ये बुडाला. यंत्र सांभाळणाऱ्या बान मावशी म्हणाल्या, झालं, आता यंत्र आधी सरांचाच आलेख काढणार. दारावर पांढऱ्या दोऱ्याने सुका मासा बांधला. तोंड बाहेर, म्हणजे नको ते आत येत नाही.

मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. बोलण्याच्या नादात खणावरच्या चिठ्ठीवर लाल पेनाने नाव लिहायला लागले, तर मावशींनी पेन हिसकावलं. जिवंत माणसाचं नाव लाल शाईत? लाल मेलेल्यांसाठी. डॉक्टरीणबाई, पदवी घेताना अक्कल तिथेच गहाण ठेवलीत का? मी हसून निळं पेन घेतलं.

टेबल कोणाचं होतं, ते विचारलं नाही. मला माहीत होतं.

५ मार्च
सरांनी काम समजावलं. नळाच्या पाण्यातून नकोसे ऋणभारित आयन पकडणारा रेणू बनवायचा. रेणू म्हणजे एक पिंजरा. त्याच्या बाहूंवरचे हायड्रोजन आतल्या बाजूला वळलेले असतात. आयन आला की बाहू त्याच्याभोवती मिटतात. पिंजरा यजमान, आयन पाहुणा. आलेखात रिकाम्या पिंजऱ्याची रेघ आठपाशी दिसते, भरलेल्याची बारापाशी.

हा पिंजरा माझ्या टेबलावर पूर्वी बसणाऱ्या बोक सुन-ह्येने बनवला. तीन वर्षांपूर्वी तिचा लेख नियतकालिकाच्या एका निनावी परीक्षकाने परत पाठवला. 'यजमान रिकामा नाही. पुन्हा धुवा.' तिने पिंजरा एकेचाळीस वेळा धुतला. एकेचाळिसाव्या धुण्याला धूर ओढणाऱ्या हूडपाशीच कोसळली. हृदय बंद पडलं. तोवर तसाच पिंजरा दुसऱ्या एका गटाने छापून टाकला होता, म्हणून सरांनी तिचं काम गुंडाळून ठेवलं. आता ते पाण्यासाठी पुरं करायचंय.

सर म्हणाले, तो परीक्षक कोणी जर्मन म्हातारा असणार. सापडू दे, त्याला ते सगळं धुवण पाजतो. सगळे हसले. मीही हसले.

१३ मार्च
संशोधन वहीचं प्रत्येक पान त्याच दिवशी तपासनिसाने शिक्का मारून बंद करायचं, हा इथला नियम. माझ्या तपासनीस बान मावशी. आज त्या रजेवर होत्या. तरी पानावर शिक्का होता, लाल, गोल. घाईत नाव वाचलं नाही.

१४ मार्च
वाचलं. बोक.

मावशींना दाखवलं. त्यांनी शिक्का बोटाने घासून पाहिला. मग म्हणाल्या, असली थट्टा करणाऱ्याला मासा चावो. सुन-ह्येचा शिक्का तिच्या मुठीत होता. मूठ उघडेना, म्हणून तसाच तिच्याबरोबर जाळला.

१९ मार्च
नवा पिंजरा केला. त्यात कुठलाच आयन घातलेला नाही, तरी आलेखात बारापाशी उंचवटा आहे. दोन टक्के. काचेला लागलेल्या मिठाचा असतो तो, सगळ्यांच्या आलेखात असतो. त्याने काही बिघडत नाही.

हे मला तेव्हाही माहीत होतं.

२२ मार्च
लिहून टाकते. ही रोजनिशी माझी आहे, इथे कोण वाचणार?

तो जर्मन म्हातारा मीच. तिचा लेख तपासायला माझ्याकडे आला, तेव्हा तसलाच पिंजरा माझ्याही हातात होता आणि मला चार महिने हवे होते. छापला तेव्हा गटातल्या नावांच्या गर्दीत माझं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. उंचवटा माझ्याही आलेखात होता. माझा मी पुसला. तिचा परत पाठवला.

ती धूत बसेल असं वाटलं होतं. एकेचाळीस वेळा धुईल, असं नव्हतं वाटलं.

२६ मार्च
नऊ टक्के. धुतला. चाळीस टक्के.

संशोधन वहीत तपासनिसाच्या रकान्यात, शिक्क्याच्या वर, बारीक अक्षरात: यजमान रिकामा नाही. पुन्हा धुवा.

हे वाक्य मी इंग्रजीत लिहिलं होतं. इथे कोरियनमध्ये आहे.

२९ मार्च
उजव्या हाताची बोटं आत वळतात. सकाळी सरळ असतात, जेवणापर्यंत अर्धी मिटतात. कॅन्टीनमध्ये चमचा सुटला. मावशींनी तेल चोळून दिलं. म्हणाल्या, बाहेरून काही नाही गं. आत काहीतरी धरून ठेवल्यासारखी वळतात.

दारावरच्या माशाचं तोंड आतल्या बाजूला आहे. दोरा सुटलेला नाही.

१ एप्रिल
ठरवलं. सरांना सगळं सांगायचं. तिचं काम तेव्हाच बरोबर होतं, लेख तिच्या नावाने जावा. पत्र लिहिलं. बोटं पुष्कळ मोकळी झाली. आलेखात उंचवटा नाही. आठपाशी एकच रेघ, स्वच्छ.

२ एप्रिल
दुपारी पत्र घेऊन सरांकडे गेले. त्यांनीच आधी बातमी सांगितली. लेख पाठवायचाय, पहिलं नाव माझं. माझी जागाही कायम होईल. मेलेल्या पोरीला नाव देऊन काय करायचं, म्हणाले, तिला थोडीच बढती मिळणार आहे?

पत्र खिशात होतं. मी थँक यू म्हटलं.

खाली येऊन पत्र फाडलं. तुकडे धुवणाच्या डब्यात टाकले.

३ एप्रिल
शंभर टक्के. आठपाशी काहीच नाही.

या रोजनिशीत मागे पाहिलं. दोन मार्चपासून प्रत्येक नोंदीखाली शिक्का — हसले तिथेही —

४ एप्रिल
मूठ उघडत नाही. आत गोल, कडक काहीतरी आहे. डाव्या हाताने लिहितेय.

सर रजेवर. मावशी दारात आल्या, माझा हात पाहिला, मागे सरकल्या. कोणाला शोधताय, मी विचारलं. म्हणाल्या, सुन-ह्ये —

मी सुन-ह्ये नाही, मावशी. मी —

५ एप्रिल
पुन्हा लिहिते. सगळं. उंचवटा निरुपद्रवी होता — मला माहीत — तिचं काम बरोबर — मी परत —

आत जागा उरली नाही. श्वासाला सुद्धा —

खाली माझं नाव लिहायचं तेवढं बाकी. पेन निळं घेतलंय. दोनदा बघून घेतलं, निळंच. प्यॉन मी-रे. प्यॉन

लाल उमटतं —