ढग रिकामा होतोय

४ नोव्हेंबर

तिसरा गेला! योरिटने सकाळी टेबल आवरलं, मला न सांगता. चार वर्षं राबवून — म्हणजे शिकवून — तयार केलेला पोरगा. ‘तब्येत बरी नाही’ म्हणे. पंचविशीत कसली आलीय तब्येत! माझा गट कुणीतरी आतून पोखरतंय. माझं नाव झालं की पोटात दुखणारे अख्ख्या लायडन विद्यापीठात काही कमी नाहीत. आता विद्यार्थी म्हणून उरली एकटी सीत्स्के. तीही गेली तर प्रकल्प बंद!

६ नोव्हेंबर

योरिटचं अर्धवट काम सीत्स्केच्या गळ्यात घातलं. अवकाशातल्या गॅसच्या एका ढगाच्या मधोमध एक दांडगा तारा जन्मलाय. त्याच्या आजूबाजूला गॅसचे गार, काळे गोळे, आपल्याच वजनाने आकसत बसलेले. लाखभर वर्षं मिळाली तर एकेकाचा तारा होईल. मिळतील का, ते मोजायचंय. शनिवार-रविवार धरून दहा दिवस दिले. पुष्कळ झाले.

१२ नोव्हेंबर

माझा वाढदिवस. इथल्या रिवाजाप्रमाणे केक मीच नेला, घरी केलेला, सफरचंदाचा. साडेदहाच्या कॉफीला दोघं-तिघं दारातून डोकावले, ‘अभिनंदन’ म्हणाले आणि सटकले. बघते तर सगळे खालच्या मजल्यावर उभ्याने कॉफी पीत होते! मी जिन्यात दिसले तसे सगळे कप ठेवून पांगले. मला भीती वाटली. खरंच वाटली. केक कालव्यातल्या बदकांना घातला.

१६ नोव्हेंबर

सीत्स्केने आकडे आणले. दांडग्याच्या प्रकाशाच्या माऱ्याने ढग फाटून उडून चाललाय. बारा गोळ्यांपैकी नऊ जमायच्या आतच विरणार. त्यांचा तारा कधीच होणार नाही. मी तर खूश! केवढं ते तेज, बघ तरी, म्हटलं. ती म्हणाली, ‘तो मुद्दाम नाही करत, मॅडम. जवळ कोण आहे हे त्याला दिसतच नाही.’ काव्य सुचतंय पोरीला! म्हटलं, काव्य राहू दे, आकडे किती चुकू शकतात ते काढ. उद्या सकाळी हवंय.

डोळे सुजले होते तिचे. सर्दी असेल.

१९ नोव्हेंबर

सीत्स्के आली नाही. फोनही उचलत नाही.

२० नोव्हेंबर

बस्स झालं! तडक वेधशाळेच्या संचालकांच्या, आल्डर्टच्या, खोलीत गेले. ‘माझी पोरं कोण पळवतंय त्याची चौकशी कर. गेलेल्या चौघांनाही विचार. नावानिशी लेखी घे.’  तो म्हणाला, ‘नक्की म्हणतेस?’ ‘नक्की! आणि उगाच कुणाला पाठीशी घालू नकोस.’ एक नंबरचा भित्रा माणूस.

२७ नोव्हेंबर

अजून काही नाही. आल्डर्ट जिन्यात भेटला तर वाट बदलून गेला.

९ डिसेंबर

चौघांचे जबाब आले. आल्डर्टने दार लावून घेतलं आणि वाचायला दिले. चौघांनी एकच नाव लिहिलंय — माझं.

सीत्स्के आता शाळेत गणित शिकवणार आहे. आकाशाकडे बघावंसंच वाटत नाही म्हणे.