निरीक्षकांना लिहून दिलेला जबाब

मारबुर्ग, नोव्हेंबर १९११

थेक्ला,

तुझी शाळेतली नोकरी गेल्याचं आज तुझ्या भावाकडून कळलं. तो माझ्या तोंडावर थुंकायचाच काय तो बाकी होता. "शिक्षण अर्धवट टाकून आत्मचरित्र छापतोस? बाविसाव्या वर्षी कसलं रे डोंबलाचं आयुष्य तुझं? अब्रू गेली ती माझ्या बहिणीची!"

मी तुझं नाव बदललं होतं, पण हनुवटीवरचा व्रण बदलायला हात धजला नाही. लान नदीकाठी तू माझं चुंबन घेतलंस, तेही लिहिलं. शिक्षिकेनं लग्न करायचं नाही, प्रेमाचं तर नावच काढायचं नाही, हा नियम मला ठाऊक होता. तरी छापायला दिलं, कारण तू माझी आहेस हे मला सगळ्या गावाला ओरडून सांगायचं होतं.

तुझा भाऊ गेला आणि मी तसाच शाळा-निरीक्षकांकडे धावलो. म्हटलं, "साहेब, ते सगळं मी रचलंय."

"अहो, पुस्तकावर तर 'खरी हकीकत' छापलंय!"

"खप व्हावा म्हणून, साहेब."

ते पोट धरून हसले. "लेखक तुम्ही! द्या मग तसं लिहून, बाईंना परत कामावर घेतो."

दिलं. या बाईंशी माझी ओळखसुद्धा नाही, असं सहीनिशी लिहून दिलं. सोमवारी तू पुन्हा वर्गावर जाशील.

हे पत्र कुणाच्या हाती लागलं तर तो जबाब खोटा ठरेल, म्हणून ते आता शेगडीत टाकतो. त्या पुस्तकात माझं बालपण मी पुष्कळ सजवलंय, थेक्ला. खरं होतं ते तुझं एकच प्रकरण.

तुला अनोळखी,
एबरहार्ड