सदर तरुण

बोरिवली पूर्व,
१२ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर निळ्या खुणा येतात आणि पुढे काही नाही, म्हणून कागदावर लिहितेय. मुलुंडचा पत्ता तोच आहे असं धरते. वहिनी आणि प्रांजल मजेत ना? आईचे गुडघे तसेच. माझी बदली मालाडच्या शाखेत झाली, संध्याकाळी लवकर घरी येते. बाबा आता बरे आहेत.

एक विचारायचं होतं. बाबांचा 'सदर' आठवतो तुला? पेपरातून घरी आले तरी तोंडात तेच. "सदर भाजीत मीठ कमी आहे." परवा मी माळ्यावरून त्यांची जुनी कात्रणं काढली आणि वाचतच बसले. 'सदर इसम दारूच्या नशेत होता.' 'सदर विहीर बुजवण्यात आली.' 'सदर मंत्र्यांनी आश्वासन दिले.' दारुडा, विहीर, मंत्री, सगळे एकाच शब्दात बसवलेले. आणि आतल्या पानावर 'हे सदर दर बुधवारी', म्हणजे तिथे त्याचा अर्थच वेगळा. मला कळेना, एवढ्याशा शब्दावर या लोकांनी आयुष्यभर पेपर कसे काढले.

कात्रणं का काढली, तेही सांगायला हवं. दिवाळीनंतर बाबांना स्ट्रोक आला. आता चालतात, उजवा हात जड आहे. पण बोलणं गेलं, दादा. सगळे शब्द गेले आणि हा एकच राहिला. आई म्हणाली, "सुयोगला कळवू नको. नाही आला तर ह्यांना जास्त लागेल." मी ऐकलं तिचं.

चहा हवा असला की 'सदर' लांबवतात. टीव्ही बंद करायचा असला की तुटक. पंखा, चप्पल, शेजारचा मिहिर, सगळं सदर. आता मला नुसत्या सुरावरून ओळखता येतं. एकदा आई वैतागली, "आणि मी कोण? मीपण सदरच?" तर बाबा खूप दिवसांनी हसले. जान्हवी म्हणून मुलगी बोलणं शिकवायला येते. ती सांगते, असा एखादा शब्द मागे उरतो, पेशंट तो मुद्दाम निवडत नाही.

तुला या शब्दाची चीड आहे, ते मी विसरलेली नाही. कांदिवलीच्या कारखान्यातला संप, तुझी अटक, आणि बाबांनी स्वतः लावलेली बातमी. तुझं नाव एकदा, मग खाली तीन वेळा 'सदर तरुण'. "बापाने मला सदर तरुण केलं," म्हणून तू गेलास.

गेल्या आठवड्यात नाना आले होते, बाबांच्या डेस्कवरचे. मी त्यांना सरळ विचारलं, "बातमी थांबवता आली नसती का हो?"

"आली असती," नाना म्हणाले. "पण मग दुसऱ्यांची पोरं रोज छापतो, त्यांना काय सांगणार? रिपोर्टरने 'सदर गुंड' लिहिलं होतं. परबने, तुझ्या बापाने, 'गुंड' खोडलं आणि 'तरुण' केलं. रिपोर्टर भांडायला आला, तर परब म्हणाला, कोर्टाने ठरवू दे, आपण नाही."

बाबा तिथेच बसले होते. हे आपल्याला ते कधी बोलले नाहीत रे. का, ते आता विचारूनही उपयोग नाही.

काल जान्हवीने फोटो दाखवायला सांगितले होते. आईच्या फोटोवर बोट, 'सदर'. माझ्या फोटोवर, 'सदर'. मग तुझा आला, वांद्र्याच्या जत्रेतला. बाबांनी बोट ठेवलं. ओठ हलत होते, घाम आला, जान्हवीने मला खुणेने थांबवलं. मग म्हणाले, "सु." परत, "सुयो." तेवढंच. आईने आतून ऐकलं. बाहेर आली, ओले हात तसेच. "तेका लिही आता," गावच्या बोलीत म्हणाली.

ये म्हणून मी गळ घालणार नाही. पण आलास तर त्यांच्या डाव्या बाजूला बस, उजवीकडचं त्यांना नीट दिसत नाही. आणि ते बोलायला लागले की मधेच त्यांचं वाक्य पुरं करू नकोस. थांब थोडा. त्यांना वेळ लागतो.

बाबांच्या शेजारी बसून,
तुझी
श्वेता