चौथी ब आणि चुंबकाचं पाणी

नेहरू नगर, भिलाई
रविवार, दुपार

तीर्थरूप मारोतमामांस, भाची दामिनीचा वाकून नमस्कार.

इकडे सारे मजेत. आईचा खोकला गेला. बाबा प्लांटातून रिटायर झाले तरी फर्स्ट शिफ्टच्या वेळेले डबा मागतात, आणि आई भरून देते (मग दोघं अंगणात बसून तो खातात). तुमी आणि मामी तिकडे नंदिनी नगरात खुशाल असाल. फोनच केला असता, पण तुमी "ठेवतो" आधी म्हणता आणि "हॅलो" नंतर, म्हणून लिहून राहिली.

तुमाले माहीत आहे, मी चौथीले विज्ञान शिकवते. पुस्तक पोराइले तोंडपाठ आहे, पण त्याच्यापुढे काही विचारलं की वर्ग छताकडे पाहतो. म्हणून म्हटलं, घरचं जुनं वर्तमानपत्र आणा, त्यात विज्ञान शोधा, आणि जे सापडेल त्याले एक प्रश्न विचारा. पहिल्या दिवशी अर्ध्या वर्गानं राशिभविष्य आणलं (ग्रह असतात म्हणून). अंकुरनं भज्यांचा पुडा आणला आणि विचारलं, तेल लागलं तिथंच कागदाच्या पलीकडचं काहून दिसते? त्यात अर्धा तास गेला, आणि खरं सांगू, मलेही घरी येऊन वाचावं लागलं.

संघमित्रा नावाची पोरगी वर्षातून दोनदा बोलते. तिनं एक जाहिरात कापून आणली होती, 'चुंबकीय जल कलश' नावाची. या कलशातल्या पाण्यानं रोपं दुप्पट वाढतात आणि दुखरे गुडघे पळायले लागतात, असं त्यात होतं. तिचा प्रश्न एवढाच, "मॅडम, दुगुना किससे?"

दुसऱ्या दिवशी अंकुर आजीचा कलश घेऊन आला (आजीले विचारलं नव्हतं, हे आजी शाळेत आली तेव्हा कळलं). आमी बारा कागदी कपांत चणे लावले, सहाले कलशाचं पाणी, सहाले नळाचं. जाहिराती कशा फसवतात यावर मी भाषण तयार ठेवलं होतं. आठव्या दिवशी पाहतो तर कलशाचे चणे नळाच्यापेक्षा बोटभर उंच. पोरं नाचली, माझं भाषण पोटातच राहिलं. संघमित्रा तेवढी टेबलाभोवती फिरली आणि म्हणाली, "कलशवाले आलमारी के पीछे हैं. वहाँ अँधेरा है. और ये पीले भी हैं."

मग पुन्हा चणे लावले, साऱ्या कपांना सारखा उजेड, सारखं माप. या वेळी दोन्ही सारखेच वाढले. एक कप नळाचंच पाणी देऊन मुद्दाम आलमारीमागं ठेवला, तो मात्र लांबडा आणि फिकट. अंकुर म्हणतो, उजेड शोधायले मान लांब करत असेल. मामा, इतक्या वर्षांत मले कोणी एवढं खरं उत्तर दिलं नव्हतं.

अडचण अशी, की जाहिरातीखालचा बारीक मजकूर मी वाचला नव्हता. कलश विकणारे दीनानाथजी आमच्या शाळेचे अध्यक्ष निघाले. आमच्या हेडमास्तर गीता मॅडम म्हणाल्या, "चने आज ही हटा दो." मी ट्रे घेऊन निघाली. पोरं विचारतात, कुठं नेऊन राहिल्या? खोटं बोलता येईना, म्हणून ट्रे परत ठेवला.

शनिवारी दीनानाथजी स्वतः आले. संघमित्रानं कपांवरच्या चिठ्ठ्या भिंतीकडे फिरवल्या आणि म्हणाली, "अंकल, कलशवाले छह कौन से हैं, बताइए." ते चष्मा लावून वाकले, फार वेळ पाहत राहिले. सहा कप निवडले, त्यातले तीन बरोबर. म्हणाले, पुन्हा करू. दुसऱ्यांदा दोनच. मग पोरांच्या बुटक्या बाकावर बसले. मी मनात दुसरी शाळा शोधून राहिली होती.

"लेकिन लोग तो लिखकर देते हैं कि फायदा हुआ," ते हळूच म्हणाले.

"तो उनसे पूछ लें?" संघमित्रा.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. म्हणाले, विचारा. ज्यांचा फोटो जाहिरातीत छापला, त्यांनीच नाही म्हटलं तर जाहिरात बदलतो. माझ्या पक्क्या नोकरीचा कागद तोवर सहीवाचून त्यांच्या खिशात आहे.

मामीले नमस्कार, तुमच्या दिपालीच्या बाळाले पापा.

तुमची भाची,
दामिनी

ता. क. त्या फोटोत फेटा बांधून "अब सीढ़ियाँ दौड़कर चढ़ता हूँ" म्हणणारे तुमीच आहात. वर्गाले मी नातं सांगितलं नाही. सोबत पोरांचे प्रश्न जोडले आहेत. आधी किती पायऱ्या चढत होते? त्याच वेळी कोणती गोळी चालू होती? आणि तिसरा, घरात जिना आहे का? (तुमचं क्वार्टर तळमजल्याचं आहे, हे मी बोलली नाही.) खरं तेच लिहा.

ता. ता. क. मामी आईले सांगत होती, कलश घरी आला त्या दिवसापासून तिनं त्यात कांदे ठेवले आहेत आणि पाणी त्याले शिवलंसुद्धा नाही. तुमाले लिहायले संकोच वाटत असेल तर कागद मामीकडे द्या. तिची सही चालते.