जळकी डीपी बँडची चतुःसीमा

मी, प्रेमदास रामप्रसाद राठोड, वय चोवीस, शिक्षण आठवी नापास, धंदा पवनचक्कीच्या पात्यांना दोरावर लटकून ठिगळं लावणे, मूळ राहणार पळसतांडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हल्ली मुक्काम कच्छ, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, पोट भरलेलं आहे आणि कोणी माझा हात धरून लिहवून घेत नाही. मरायचा बेत नाही. पण ज्याचा सगळा दिवस हवेत जातो त्यानं एक कागद जमिनीवर ठेवावा, एवढ्यासाठी हे मृत्युपत्र. याआधी मी असं काही लिहिलेलं नाही. सापडलं तर ते माझं नाही.

दस्ताची भाषा मी कळमनुरीला तहसीलसमोरच्या दस्तलेखकाला चहा पोचवताना शिकलो. एका जागी बूड टेकत नाही म्हणून ते काम सुटलं, मग वीटभट्टी सुटली, पुण्याची सिक्युरिटी सुटली. दोरावर टिकलो, कारण तिथं बूड टेकायला जागाच नाही.

कलम १. माझी आई पारुबाई, जिला आम्ही याडी म्हणतो, तिला बँकेत असेल ते सगळं. तांड्यातलं घर तिचंच आहे, ते मी देतो असं उगीच दाखवत नाही. अट एकच, पैसा माझ्या तेराव्याच्या जेवणावर घालवू नये. जे लोक माझ्या गाण्याला आले नाहीत त्यांनी माझ्या जेवणाला येऊ नये.

कलम २. हेल्मेट आणि कमरेचा पट्टा कंपनीचे, देता येत नाहीत. बूट माझे, ते धम्मदीपला. त्याचा पाय माझ्यापेक्षा मोठा आहे, पण माझी कुठलीच वस्तू त्यानं आजवर माप बघून नेलेली नाही.

कलम ३. बँड. आम्ही तिघं. मी गिटार वाजवतो आणि गातो. धम्मदीप बाळापूरचा, तो ड्रम वाजवतो. ड्रम म्हणजे फवारणीच्या पाण्याचं निळं पिंप, दोन पत्रे आणि एक खरीखुरी झांज. मिना माझ्या भीमसिंग काकांची मुलगी, तिच्याकडं चार तारांची जाड आवाजाची गिटार. पहिला कार्यक्रम होळीला तांड्यात झाला आणि दुसऱ्याच गाण्याला तांड्याची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. नवी डीपी येईपर्यंत सगळा तांडा अंधारात, आणि आम्ही दिसलो की लोक म्हणायचे, आली बघा जळकी डीपी. तेच नाव ठेवलं. इथं कागदावर नोंद करतो की डीपी आमच्या गिटारीनं जळाली नाही. काकांनी मोटारीसाठी तारेवर आकडा टाकला होता, त्यानं जळाली. हे काकांना माहीत आहे.

रेकॉर्ड झालेलं गाणं एकच. गोरमाटीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत आहे, होळीच्या लेंगीची चाल उचलून जोरात केलेली, लाईट यायची वाट बघणाऱ्या पोरीचं. मिनाच्या फोनवर ते घेतलं तेव्हा मध्येच लाईट गेली. माझी गिटार मुकी झाली, धम्मदीप पिंप बडवतच राहिला, आणि तेवढ्यात काका दारात येऊन ओरडले. धम्मदीपलाही कळावं म्हणून मराठीत ओरडले, "बंद करा रे! बकऱ्या बिथरल्या माह्या!" आणि वर बिडीचा खोकला. ते कापायचं कसं हे आम्हाला येत नव्हतं. तसंच राहिलं.

माझी लाल गिटार मिनाला. गाण्याची जागाही मिनालाच. पोरगी पुढं उभी राहून गाते का, असं कोणी म्हणालं तर त्याला धम्मदीपच्या शेजारी पिंपाजवळ बसवावं, म्हणजे पुढचं काही ऐकू येणार नाही.

कलम ४. शेड. डीपीशेजारचं पत्र्याचं शेड काकांचं, तिथंच आमची प्रॅक्टिस. ते माझ्या नावावर नाही म्हणून वाटता येत नाही, पण सगळा जीव त्यातच आहे. शेड गेलं की बँड गेला. घरात वाजवू दिलं असतं तर शेडात कशाला गेलो असतो? गेल्या दिवाळीत मी गावी होतो. धम्मदीपही बसला होता. काका म्हणाले, "शेड खाली करा. बकऱ्या वाढल्या."

मी म्हणालो, "काका, आमचं नाव होऊन राहिलं आता."

"कुटं? तुमाला वळखते कोण? चार गावाचे कुत्रे!"

"नेटवर हाय गाणं."

"नेटवर माही बकरी पण होती. इकायला टाकली तवा समद्या तालुक्यानं पाहिली."

मिना आतून बोलली, "बाबा, बकरीपेक्षा जास्त लोकायनं ऐकलं आमाला."

"व्हय? बकरी इकली. तुमचं काय इकलं?"

यावर धम्मदीप हसला. त्याचा मी तेव्हाच निषेध केला, इथं पुन्हा करतो. शेवटी काकांनी अट घातली. "या होळीपतोर चार गावाच्या भाईरचा एक माणूस दाखवा. दोस्त नको, सोयरा नको, तुमाला वळखणारा नको. त्यानं आपल्या मनानं तुमचं गाणं म्हणलं पायजे. शेड तुमचं. न्हाई तर दुसऱ्या दिवशी बकऱ्या आत. अन् तोंडी सांगू नका. कागद पायजे, दोन साक्षीदारायचा." काका बांधाच्या वादात तारखा खाल्लेला माणूस, सहीशिवाय ते सूर्यही उगवला असं मानत नाहीत.

कलम ५. प्रसिद्धी. ही माझी खरी मिळकत. जमिनीच्या दस्तात चारी बाजूंना काय आहे ते लिहावं लागतं, नाहीतर मिळकत कुठली ते कळत नाही. म्हणून बँडच्या प्रसिद्धीची चतुःसीमा खरी खरी लिहितो.

पूर्वेस: आखाडा बाळापूरचं बसस्टँड, तिथल्या मोबाईलच्या दुकानापर्यंत. तो दुकानदार आमचं गाणं विचारेल त्याला भरून देतो. विचारत कोणी नाही.

पश्चिमेस: हट्टा. तिथं धम्मदीपची मावशी आशाबाई. त्यांनी पुतण्याच्या लग्नात डीजे थांबवून आमचं गाणं लावायला लावलं. हट्ट्यात आमच्या चाहत्या त्या एकट्या, पण वऱ्हाड त्यांना घाबरतं.

दक्षिणेस: वारंगा फाटा. तिथल्या एका पोरानं ट्रॅक्टरच्या मागं बँडचं नाव रंगवून घेतलं. ट्रॅक्टर विकला तेव्हा नाव झाकायचं नाही असं घेणाऱ्याकडून कबूल करून घेतलं.

उत्तरेस: नरसी नामदेव. तिथं एका दुकानाच्या उद्घाटनाला वाजवलं. टाळ्या पडल्या. नंतर कळलं, लोक आम्हाला मंडपवाले समजले होते आणि मंडप चांगला झाला होता.

याच्या पलीकडं आम्हाला कोणी ओळखत नाही. आत जे आहेत ते कट्टर आहेत. ही मिळकत मिना आणि धम्मदीप यांना समसमान.

इथवर लिहून झालं आणि साक्षीदार शोधायला निघालो. पुढची कलमं त्यानंतरची आहेत. खोडाखोड माझ्याच हातची आहे.

कलम ६. जेवणाच्या सुट्टीत आमच्या सेफ्टी ऑफिसर प्रतिक्षा मॅडमकडं गेलो. मॅडम परभणीच्या. म्हणाल्या, "तू बँडमध्ये आहेस? कोणत्या?"

"जळकी डीपी."

"काय जळकी?"

परभणी आमच्या शेजारचा जिल्हा. तिथं हे हाल. पण सही करते म्हणाल्या आणि पेन घेऊन सोबत निघाल्या. दुसरा साक्षीदार म्हणून पात्यांचा ट्रेलर घेऊन आलेल्या ड्रायव्हरला गाठलं. भंवरलाल, राजस्थानात नागौरचा. त्याला मी त्या दिवसाआधी कधी पाहिलेलं नाही. तो ट्रेलरखाली साखळ्या आवळत होता आणि गात होता. आमचं गाणं गात होता. मी ट्रेलरखाली डोकं घातलं.

"भाईसाब, ये गाना कहाँ का है?"

"हमारे नागौर का।"

"नहीं जी, हमारे तांडे का है।"

"अरे बोली तो सुन। पूरी हमारी है।"

बोलणं खोटं नव्हतं, गोरमाटी तिकडच्या बोलीला लागूनच आहे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो गाण्याच्या मध्यावर आला. पाना ट्रेलरच्या लोखंडावर आपटला आणि हुबेहूब काकांच्या आवाजात ओरडला, "बंद करा रे! बकऱ्या बिथरल्या माह्या!" आणि खोकला. खोकलासुद्धा!

मॅडमच्या हातातलं पेन खाली पडलं. म्हणाल्या, "भंवरजी, ये भी नागौर का है?"

"यही तो सबसे बढ़िया लाइन है, मॅडम। मेरे बच्चे दिनभर यही चिल्लाते हैं। मतलब क्या है इसका?"

मतलब सांगितला. तो पोट धरून ट्रेलरच्या चाकाला टेकला. मग हकीकत निघाली. नांदेडकडं जाताना बाळापूरला त्याचं टायर बसलं. पंक्चर निघेपर्यंत स्टँडवरच्या दुकानात त्यानं पेनड्राइव्ह भरून घेतला. त्यात हे होतं, नाव नुसतं 'नवीन सात'. त्यानं ते गावच्या पोरांना दिलं, पोरांनी पुढं बिकानेरला. मी बँडचं नाव सांगितलं तर म्हणाला, "नाम तो कोई जानता ही नहीं। हम लोग बकऱ्या वाला बोलते हैं।"

नावासाठी आम्ही तिघं किती भांडलो, आणि तिकडं काकांच्या बकऱ्या गाजून राहिल्या! थोडा वेळ राग आला. मग असा हसलो की मॅडमनी त्या दिवशी मला वर चढू दिलं नाही.

कलम ७. दुरुस्ती. कलम ५ मधली पूर्व सीमा खोडली आहे. बाळापूरच्या बाजूनं बांध फुटलेला आहे. पूर्वेस 'रस्ता' असं वाचावं.

त्या गाण्यात भीमसिंग काकांचा चौथा हिस्सा राहील, कारण आमच्या हद्दीबाहेर ऐकू जातो तो आवाज त्यांचा. त्यांनी दर होळीला गाण्याच्या मध्यावर शेडच्या दारात येऊन मनापासून ओरडावं. बकऱ्यांना बाहेर बसून ऐकायची मुभा आहे.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं हे मला ठाऊक आहे. पण कलम ४ मधली अट काकांनी जित्या माणसांना घातली होती, म्हणून याची एक प्रत आजच मिनाला पाठवतो. तिनं ती काकांना मोठ्यानं वाचून दाखवावी आणि शेडची किल्ली मागावी. काका, कागद पायजे म्हणाला होतात. हा घ्या. होळीला मी येतोच आहे. गिटार मेलो तर मिनाची, तोवर तिनं हात लावू नये.

ठिकाण: मुक्काम नखत्राण्याजवळ, जिल्हा कच्छ
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२६

लिहून ठेवणार: प्रेमदास रामप्रसाद राठोड (सही)

साक्षीदार १: प्रतिक्षा वाघमारे, राहणार परभणी (सही). बँड आधी ऐकला नव्हता. आता डोक्यातून जात नाही.

साक्षीदार २: भंवरलाल, राहणार नागौर (सही). मैं इन लोगों को नहीं जानता। गाना जानता हूँ।