केबिनच्या वर काय आहे

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र सोमवारी मिळालं. फोन न करता पत्र का लिहिलंत याचा आधी विचार करत बसले. मग लक्षात आलं, फोन केला असतात तर आई शेजारीच असती आणि तुम्हाला मोकळेपणी बोलता आलं नसतं. असो. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा बरा आहे. खालच्या पत्र्याच्या कारखान्याने आणखी एक यंत्र आणलंय. दुपारी कपाटात कपबश्या नाचतात म्हणे, पण मी तेव्हा ऑफिसात असते.

आईला सत्तर पूर्ण होतील म्हणून तुम्ही दोघींनी सात दिवस समुद्रावर जायचं ठरवलंय, हे छान केलंत. दादा नाही, मुलं नाहीत, फक्त तुम्ही दोघी. आईला समुद्र आवडतो, हे मला तुमच्या पत्रातून कळलं. बाबा गेल्यावर अकरा वर्षं माझ्याकडे होती, कधी बोलली नाही. मीही एकोणीस वर्षं ट्रॅव्हल कंपनीच्या टेबलावर बसून लोकांना जहाजांवर चढवून देतेय, आणि तिला कधी विचारलं नाही. म्हणजे बोलणार तरी कशी, असं तुम्ही म्हणाल.

आता कामाचं. तुम्ही आईसाठी मागताय तसं, आवाज नसलेलं जहाज असं काही नसतं. मोठी जहाजं तर विसराच. त्यांच्यावर पोहण्याच्या तलावाशेजारी दिवसभर बँड, लहान मुलांच्या घसरगुंड्या आणि दर तासाला लाऊडस्पीकरवरून घोषणा. आपल्याला छोटं जहाज हवं, वयस्कर प्रवाशांचं. केबिन जहाजाच्या मधोमध हवी, कारण मागे इंजिन आणि पुढे नांगराची साखळी. लिफ्ट जवळ नको. लोक केबिन घेताना खिडकीतून काय दिसतं ते विचारतात. खरं विचारायचं असतं ते हे, की डोक्यावर काय आहे. वर आणि खाली दुसऱ्या केबिनी असतील तर माणूस झोपतो.

आईला नेमके कोणते आवाज सोसत नाहीत, त्याची यादी करून पाठवा. "मोठे आवाज" एवढ्याने भागत नाही. कुणाला इंजिनाची घरघर चालते, पण चमचा पडलेला चालत नाही. मला विचाराल तर मी म्हणेन, तिला असा काही त्रास नाही. दोन वर्षांपूर्वीच्या तापानंतर कान जरा नाजूक झालाय असं एकदा म्हणाली होती, एवढंच. दोन महिने हवापालटाला म्हणून ती तुमच्याकडे आली, त्याला आता चौदा महिने झाले. तिच्या खाटेवरची चादर मी दर रविवारी बदलते. धूळ बसते म्हणून.

दादाला म्हणावं, बहिणीला कधीतरी फोन करत जा.

तुमची नणंद

*

दि. २७ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

यादी पोचली. तुमचं अक्षर किती नीटस आहे, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं.

मिक्सर. भांडी आदळणं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत मारलेली हाक. फोनवर मोठ्याने बोलणं. रेडिओ लावून त्याच्यावर बोलणं. दार पायाने ढकलणं. खो खो हसणं.

मी ती ऑफिसात वाचत होते. शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसते, चणीने लहान, आम्ही तिला चिमणी म्हणतो. तिने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "हे कुणाच्या घराचं वर्णन आहे?"

मी म्हटलं, "आहे एक गिऱ्हाईक."

यादीखाली तुम्ही लिहिलंयत, "हे तिला कळवू नकोस, लागेल तिला, असं आई तुमच्याबद्दल म्हणाल्या होत्या. पण चुकीचं जहाज मिळायला नको, म्हणून लिहिते." तुम्ही प्रामाणिकपणे कळवलंत, बरं झालं. मला काही लागलंबिगलं नाही. उलट हसू आलं.

दादा मागे सांगत होता की तुम्ही घरात कापडी सपाता घालता, आणि डब्यांच्या खाली फडकी अंथरलीत. हे सगळं आईने सांगितलं की तुमचं तुम्हालाच सुचलं? तुमचं तुम्हालाच सुचलं असणार. परवा फोनवर आई म्हणाली, "आमची म्हणते, थंडीत बाहेर पडू नका." मी विचारलं, "आमची कोण?" तर नुसती हसली. अकरा वर्षांत मला ती कुणापुढे "आमची" म्हणाल्याचं आठवत नाही. "ही माझी धाकटी," असं म्हणायची. ओळख करून देताना म्हणतात तसं.

बरं, जहाज ठरवलंय. दोनशे साठ प्रवासी, बहुतेक सगळे पन्नाशीपुढचे. बँड फक्त हॉलमध्ये. घोषणा सकाळी एकदा, तीही बाहेरच्या बोळात. वाचायला मोठी खोली आहे, तिथे बोलायचं नाही असा नियमच आहे. वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला खुर्च्या टाकलेल्या असतात, वारा लागत नाही. आईला तिथे बसवा. आमच्याकडे आलेल्या लोकांनी या जहाजाबद्दल एकच तक्रार केलीय, की करमत नाही. म्हणजे आपल्याला हवं तेच.

चौथ्या मजल्यावर मधोमध दोनच केबिनी उरल्या होत्या. त्यातली एक घेतली. नकाशा पाठवत नाही, फार बारीक छापलेला असतो, उगाच डोळे दुखतात. तुम्ही त्यात डोकं घालू नका, ते माझ्यावर सोडा.

समोर माणसं ताटकळलीयत. थांबते.

तुमची नणंद

*

दि. ८ जानेवारी

वहिनी,

हे पत्र आईसमोर उघडू नका. उघडलं असलंत तर मिटा आणि दुसऱ्या खोलीत जाऊन वाचा.

दोन केबिनी उरल्या होत्या, असं मी लिहिलं होतं. ते खरं आहे. एकीच्या वर केबिन आणि खाली केबिन. दुसरीच्या डोक्यावर नाचाचा हॉल, लाकडी जमिनीचा, आणि भिंतीपलीकडे भांडी विसळायची जागा. मी तुम्हाला दुसरी दिली.

चुकून नाही. नकाशा समोर होता. बोट आधी बरोबर केबिनवर ठेवलं होतं. तुमची यादी टेबलावर उघडी पडली होती, तिच्याकडे नजर गेली. मग बोट उचललं आणि दुसरीवर ठेवलं.

मनात काय आलं तेही सांगते, आता लपवून काय करू. मला वाटलं, सात दिवस तुमच्याबरोबर राहूनही आईच्या कानांना त्रास होऊ दे. मग तिला कळेल की आवाज काही फक्त माझ्याच घरात नसतात. ती चिडेल, तुमच्यावर चिडेल, की कुठलं हे जहाज शोधलंस. आणि कधीतरी म्हणेल, हिच्यापेक्षा ती बरी होती. एवढ्या एका वाक्यासाठी मी सत्तर वर्षांच्या बाईला ढोलाखाली झोपवायला निघाले होते.

पाच आठवडे मी काही बोलले नाही. जेवत होते, झोपत होते, लोकांना तिकिटं देत होते. तुम्ही फोनवर "तुमचे किती उपकार" म्हणालात, तेव्हाही "त्यात काय" म्हटलं.

गेल्या मंगळवारी ते जहाज बंदरात आलं आणि आम्हा एजंट लोकांना बघायला बोलावलं. बाकीचे जेवणाचा हॉल बघायला गेले. मी सफाईच्या माणसाला सांगून तुमची केबिन उघडून घेतली आणि आत जाऊन पलंगावर बसले. दुपारचे तीन वाजले असतील. वर बँडवाल्यांची तयारी चालू होती. आधी खुर्च्या ओढल्या. मग ढोल. मग नाच शिकवणारी बाई टाचा आपटत मोजायला लागली. टेबलावरचा ग्लास किणकिणत होता. तो उचलून मी मांडीवर ठेवला.

मला खरं तर काही होत नव्हतं. कारखान्यावर राहणारी मी. पण कशी कोण जाणे, मी आईसारखी बसले. डावा तळहात कानावर, बोटं केसांत, जणू केस सारखे करतेय. माझ्याकडे होती तेव्हा शेवटचे सहा महिने ती स्वयंपाकघराच्या दारात अशीच बसायची. मी भांडी घासत असायचे, रेडिओ चालू, आणि मी तिला दिवसभराच्या गमती ओरडून सांगत असायचे. आणि म्हणायचे, "सारखे केस काय सावरतेस, कोण येणार आहे तुला बघायला?" ती हात खाली घ्यायची. थोड्या वेळाने हात पुन्हा वर.

केस नव्हती सावरत ती, वहिनी. कान झाकायची. मला दिसू नये अशा बेताने झाकायची.

मी तिथे वीस मिनिटं बसले. मग सफाईचा माणूस म्हणाला, "बाई, आता कुलूप लावतो."

ऑफिसात परत आले तर चांगली केबिन गेलेली. चिमणीच्या एका गिऱ्हाइकाने घेतली होती, निवृत्त गणिताचे मास्तर, एकटेच जाणारे. मी त्यांना फोन लावला.

"जोरात बोला," ते म्हणाले, "मला कमी ऐकू येतं."

मी माझ्या नेहमीच्या आवाजात सांगितलं की केबिन बदलून हवी आहे, आणि नव्या केबिनच्या डोक्यावर नाचाचा हॉल आहे.

"नाच किती वाजेपर्यंत?"

"अकरापर्यंत."

"मी कानातलं यंत्र नवाला काढून ठेवतो. जमीन हादरते का?"

"टेबलावरचा ग्लास हलतो."

"मग बरं आहे. शेजारी काहीतरी चाललंय एवढं तरी कळेल. पण बदली कुणासाठी?"

"आईसाठी. तिला आवाज सोसत नाही."

"तुमची आई? मग आधीच ही केबिन का नाही घेतलीत?"

मी खोटं सांगायला तोंड उघडलं. कारकुनाची चूक, असं म्हणणार होते. पण ते म्हणाले, "काय? ऐकू नाही आलं," आणि मी काही बोललेच नव्हते. मग मी खरं सांगितलं. मास्तरांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे ते चिमणीने ऐकलं, काचेपलीकडच्या साहेबांनी ऐकलं, आणि पासपोर्टचे फोटो घेऊन आलेल्या एका जोडप्याने ऐकलं. भावजयीवर जळून आईला नाचाखाली घातली, हे मी भर ऑफिसात ओरडून सांगितलं.

 मास्तर म्हणाले, "बाई, तुमचा शब्दन् शब्द मला पहिल्यांदाच कळला. लोक माझ्याशी फोनवर पुटपुटतात. कागद पाठवा, सही करतो."

साहेबांनी आत बोलावलं. "एकोणीस वर्षं झाली ना तुम्हाला इथे?"

"हो."

"काय बोलू मी?"

"काही बोलू नका. जहाजांचं टेबल काढून घ्या."

त्यांनी काढून घेतलं. चिमणी तिथे बसते आता, मी रेल्वेची तिकिटं काढते. ती सारखी येऊन विचारते, नांगराची साखळी कुठल्या टोकाला असते ते. मी सांगते.

तर तुमची केबिन आता बरोबर आहे. सोबत नकाशा आहे, मोठा करून घेतलाय. वर काय, खाली काय, दोन्ही बाजूंना काय, सगळं लाल शाईने लिहिलंय. माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः नीट बघून घ्या. ढोलाच्या वेळा मागे लिहिल्यात, तेवढ्या वेळात हॉलच्या जिन्याने जाऊ नका.

माझा जळफळाट गेला असं मात्र समजू नका. तिने तुम्हाला सांगितलं आणि मला नाही, हे अजून घशाखाली उतरत नाही. ती का बोलली नाही हे कळतं. "जरा हळू" असं ती म्हणाली असती तर मी मोठ्याने रडले असते, आणि मग तिलाच माझी समजूत घालावी लागली असती. कळतं, पण पोटात दुखायचं ते दुखतंच. तुम्ही वाईट असतात तर किती सोपं झालं असतं.

हे आईला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मला विचारू नका.

आणखी एक राहिलं. काल दुपारी तुमच्याकडे फोन केला होता. तुम्ही बाहेर गेला होतात. आईने उचलला. मी ठरवून हळू बोलले, अगदी हळू, नुसतं "हॅलो, मी बोलतेय" म्हटलं. तिला वाटलं, तुम्हीच बाहेरून बोलताय. म्हणाली, "कुठवर आलीस गं? भाजी आणू नकोस, आहे घरात. आणि घाई करू नकोस, रस्ता बघून ओलांड. मी आहे जागी." ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो तिच्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं. मला लगेच सांगायला हवं होतं की मी आहे. नाही सांगितलं. तिचं बोलून होईपर्यंत कानाला लावून ऐकत राहिले, आणि मग गुपचूप फोन ठेवला.

ते बोलणं तुमचं होतं. मी घेतलं. आणि ते मात्र मी परत करणार नाही.

दोघी सांभाळून जाऊन या.

तुमची नणंद,
तिची धाकटी