ट्रॅक्टरचा खांदा

२८ ऑगस्ट २०००, सोमवार

खांदेमळणी. उद्या पोळा. गोठा रिकामा, जोडी आषाढातच विकली, दारात ट्रॅक्टर. मला वाटलं होतं यंदा हळद-तूप कालवायचं काम वाचलं. पण दिवस कलताना मामंजी वाटी घेऊन आलेच. ट्रॅक्टरभोवती दोन चकरा. मग भाऊजींना विचारलं, "बाळू, ह्याचा खांदा कुठं आलाय रे?"

भाऊजी हसून हसून ओट्यावर बसले. "आबा, ट्रॅक्टरला कुठं खांदा असतोय?"

"मग वढतंय कशानं?"

 मामंजी मागे गेले, उकिडवे बसले, नांगर जोडतात तो हूक चाचपला आणि तिथं चोळून चोळून हळद-तूप लावलं. दरवर्षी बैलांना म्हणायचे तेच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." अगदी गंभीरपणे.

भाजी निवडायची सोडून चित्रवहीच्या शेवटच्या पानावर पाठमोरे मामंजी काढले. धोतराच्या चुण्या छान पडल्या होत्या म्हणून. दुसरं काही कारण नाही.

३ सप्टें., रविवार

शाळेत परिपत्रक आलंय. शिक्षकांसाठी जिल्ह्याची स्पर्धा, विषय 'पन्नास वर्षांनंतर : माणूस आणि यंत्र'. एक चित्र आणि दोन पानी लेख, दोघांनी मिळून. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, तुम्हीच करा, तुम्हाला तसंही काम कमी असतं. गणिताचा तास कमी पडला की चित्रकलेचा तास कापायचा, फळ्यावरचे सुविचार आणि निकालाचे तक्ते माझ्याकडून करून घ्यायचे, आणि वर काम कमी.

लेखाला शारदाशिवाय कोण? डी.एड.ला एका खोलीत राहिलो. आता ती हिंगोलीच्या कॉलेजात मराठी शिकवते. गोरेगावकडच्या तांड्यावरची पहिली एम.ए. आज आली. मी तिला स्पर्धेसाठी काढलेला माझा रोबोट दाखवला. चंदेरी, उभा, हातात झाडू. चेहरा नेमका मुख्याध्यापकांसारखा झालाय, त्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग तिनं वही चाळत चाळत शेवटचं पान काढलं आणि तिचं हसू थांबलं.

"हे काय गं?"

सांगितलं. खांद्याचंही सांगितलं, गंमत म्हणून. तिनं वही उचलून उजेडात धरली.

"हेच पाठवायचं."

"अगं, हे मागच्या काळातलं. विषय पन्नास वर्षांपुढचा आहे."

"काहून मागचं? सगळे विचारून राहिले, यंत्र आपल्यासाठी काय काय करील. आबा एकटे विचारून राहिले, ह्याचं दुखतं कुठं."

मी चहा ठेवायला उठले. आत जाऊन नुसती उभी राहिले. चित्र माझं, सासरा माझा, ट्रॅक्टर आमच्या दारात, आणि दिसलं तिला.

१० सप्टें.

शा.चा लेख आला. तीनदा वाचला. एक तरी वाक्य फालतू निघावं म्हणून.

म्हणते, अवजाराशी आपलं नातं मालकीचं नाही, ऋणाचं आहे. वर्षातून एक दिवस आपण जनावराच्या दुखऱ्या जागेला हात लावतो आणि कबूल करतो की तुझ्यावर भार टाकला. पुढच्या काळात यंत्रं हुशार होतील, बोलतीलसुद्धा, तेव्हा त्यांची अशी जागा कुठली ते आधी शोधावं लागेल. ते काम हिशेबी माणसाचं नाही, चित्र काढणाऱ्याचं आहे. मग तिच्या लोकांच्या लदेणीचं, बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलखामुलखांतून फिरलेल्या पणज्यांचं. गोण काढली की आधी बैलाची पाठ बघायची, मग स्वतः पाणी प्यायचं.

हिला पूर्वजसुद्धा कामाला येतात. आमचे पणजोबा काय करायचे, विचारलं तर 'हे' म्हणतात, शेती. संपलं.

जळते मी. लिहूनच टाकते, इथं कोण वाचणार आहे.

१४ ऑक्टो., शनि.

हिंगोली. पहिला नंबर. प्रशस्तिपत्रावर तिचं नाव वर, माझं खाली, पुढे 'चित्रसाहाय्य'. म्हणजे मी तिला रंगाची बाटली उघडून दिली.

सगळी गर्दी तिच्याभोवती. माझ्याजवळ एक गृहस्थ आले, चित्राला नाक लावून म्हणाले, "मॅडम, हे फोटो बघून काढलं का?" पेपरवाल्यानं फोटो घेतला त्यात माझं कोपर येईल बहुतेक. नवी पैठणी नेसून गेले होते.

२ डिसें.

शा.ला भाषणाला बोलवायला लागलेत. वसमत, कळमनुरी, परवा नांदेड. प्रत्येक ठिकाणी सुरुवातीला सांगते म्हणे, "माझ्या मैत्रिणीच्या चित्रावरून मला हे सुचलं." नाव घेते, गावासकट. नसतं घेतलं तर भांडता तरी आलं असतं.

मामंजींना सांगितलं, तुमच्या खांद्यावर शारदाबाई भाषणं करतात. म्हणाले, "बरंय की. लेकरू हुशार हाय." मी पोळ्या भाजते तेव्हा मला कुणी लेकरू हुशार म्हटल्याचं आठवत नाही.

१९ जाने. २००१

शाळेत कॉम्प्युटर आला. एकच. त्याला वेगळी खोली, खिडकीला पडदा, आत जाताना चपला बाहेर. मु.अ.च्या मिसेसनी भरतकामाचं झाकण शिवून दिलं, कोपऱ्यात मोर. पहिल्या दिवशी हळदकुंकू, नारळ. पोरांना दारातून दर्शन.

शा.नं मुद्दाम निरोप पाठवला होता, "आता कॉम्प्युटरचा खांदा काढ." चार दिवस बसले. सहा पानं झाली, सहाही मेलेली. वायरी काढल्या, पडदा काढला, हात काढले. काढताना सारखं मनात, शारदा ह्याला काय म्हणेल. हात माझा आणि डोळा तिचा अशी गत झालीय. शेवटी मोराचं झाकण घातलेलं डबडं काढून ठेवून दिलं.

२८ जाने.

ती आली. सहा पानं भराभर उलटली, मोरापाशी थांबली. थांबणारच.

"बघ, आपण ह्याला पाव्हण्यासारखं वागवून राहिलो. पाव्हण्याला काम सांगत न्हाईत, अन् तुमचं काही दुखतं का, हे बी विचारत न्हाईत. पाव्हणा जाईपर्यंत नुसतं अवघडून बसायचं."

आणि पिशवीतून डायरी काढून लिहूनही घेतलं. माझ्या घरात, माझ्या चटईवर बसून, माझा चहा पिता पिता. जाताना मला मिठी मारून म्हणाली, तुझ्यामुळं माझं डोकं चालतं गं. मी म्हटलं, हो ना.

माझं डोकं कुणामुळं चालतं? कुणाच्याच नाही.

२१ एप्रिल, शनि.

नांगरटीचे दिवस. ऊन मी म्हणतंय. भाऊजी महिनाभर ट्रॅक्टरवर, आपलं रान झालं की दुसऱ्यांची. सकाळी जातात ते दिवे लागायला येतात.

आज दुपारीच आले. ओसरीवर बसले. मी तांब्या दिला तर उचलता येईना. दोन्ही हात थरथरत होते. ट्रॅक्टर बंद होऊन अर्धा तास झालेला आणि हात अजून स्टिअरिंगवर असल्यासारखे हलत होते. आत्याबाई चुलीकडे वळल्या. हळद-तूप गरम करून आणलं, लेकाचा सदरा काढायला लावला आणि खांदे चोळायला बसल्या. भाऊजी डोळे मिटून. इतका मोठा माणूस, कण्हत होता.

मामंजी बाजेवरून बघत होते. म्हणाले,

"भलत्याच जागी लावलं आपून."

आत्याबाई म्हणाल्या, "काय?"

"पोळ्याला. हुकाला लावलं ना मी. चुकलं. खांदा ह्यो हाय."

 वही आणायला आत पळाले. आत्याबाईंचे हात, भाऊजींची पाठ, मागे दारात उभा ट्रॅक्टर. नुसत्या पेन्सिलीनं. हात थरथरतात ते कसं काढायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही, पण आलं. एकावर एक तीन रेघा, कुठलीच पक्की नाही.

आणि काढता काढताच कळत गेलं. लोखंडाला काही दुखत नाही. त्याचं दुखणं कुणाच्या तरी अंगात जाऊन बसतं. यंत्र कितीही पुढं जाऊ दे, बोलू दे, उडू दे, त्याचा खांदा कुणा माणसालाच असणार. आपल्याला दिसणार नाही इतक्या लांबच्या माणसालाही असेल. तो शोधत राहायचं.

हे मला दिसलं. मला एकटीला. शारदा तेव्हा हिंगोलीत पेपर तपासत होती.

२२ एप्रिल

चित्र ट्रंकेत ठेवलं, लग्नाच्या शालूखाली. दिवसातून दोनदा काढून बघते. दुसऱ्या कुणाला दाखवत नाही.

५ मे

शेजारच्या एस.टी.डी.वर शा.चा फोन. तेराला, रविवारी, औरंगाबादेत मोठं चर्चासत्र आहे. बाहेरून मंडळी येणार. ती लेख वाचणार, नंतर तो अंकात छापणार. आवाज नुसता उड्या मारत होता.

"दुसरं काही काढलंस का गं? खांद्यावरचं?"

"नाही."

"काहीच न्हाई?"

"उन्हाळ्यात वेळ कुठं मिळतो."

पैसे देऊन बाहेर आले. खोटं बोलल्याची लाज वाटली. आणि बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

८ मे

आपणच लिहावं, असं ठरवलं. चित्र माझं, विचार माझा, मग लेखही माझा. दुपारभर बसले. चार ओळी झाल्या. वाचून बघितल्या तर चारही शारदाच्या. 'अवजाराशी आपलं नातं' इथूनच सुरुवात. खोडल्या. पुन्हा लिहिल्या, पुन्हा तिच्याच. तिनं हुकाबद्दल तेवढं सगळं म्हटलं नसतं, तर भाऊजींची पाठ बघून मला काही कळलं असतं का? हा प्रश्न मला मुळीच आवडलेला नाही.

९ मे, बुध.

शा. आली. न सांगता. औरंगाबादेला जायच्या आधी आबांच्या पाया पडायचं होतं म्हणे. नेमके भाऊजी घरी. ती त्यांच्याशी ट्रॅक्टरबद्दल बोलत बसली आणि मी स्वयंपाकघरात पोहे करपवले. एकेक शब्द कान देऊन ऐकत होते.

आणि शेवटी भाऊजी बोललेच. "वहिनीनं माझं चित्र काढलंय. पाठीचं. आई हळद लावून राहिली, तसं."

 मी पोह्यांच्या ताटल्या घेऊन गेले. शा. माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"काढलंस?"

"अपुरं आहे. साधंच आहे."

"दाखव ना."

"पुरं झालं की दाखवते."

तिनं पोहे खाल्ले. करपलेले, तरी सगळे खाल्ले. नमस्कार केला. मी फाट्यापर्यंत सोडायला गेले. गाडी येईपर्यंत आम्ही दोघी उन्हाबद्दल बोललो. वीस वर्षांची मैत्री, आणि उन्हाबद्दल.

११ मे, शुक्र.

सकाळच्या गाडीच्या कंडक्टरनं पाकीट दिलं. शा.चं अक्षर. आत लेखाची नवी प्रत, सुंदर टाईप केलेली. शेवटचं पान कोरं. वर पेन्सिलीनं तीनच ओळी :

"हुकापाशी माझं अडलंय. बाळूदादाचे हात बघितले तवापासून आधीचा शेवट खोटा वाटून राहिला. तुझं चित्र बघितल्याबिगर मी शेवट लिहिणार न्हाई, कोरंच वाचीन."

म्हणजे तिलाही दिसलंय. निदान अर्धं. भाऊजी ताटलीतून पोहे उचलताना त्यांचे थरथरते हात तिनं बघितले असणार, ती शारदा आहे. उरलेलं चित्रात आहे आणि चित्र शालूखाली.

द्यायचं आहे, मला माहीत आहे. न देऊन काय करू, मामंजींचं चुकलेलं तसंच छापून येऊ देऊ? मामंजींनी चूक कबूल केली, सगळ्यांसमोर. माझ्यानं अजून होत नाही. भीती वेगळीच आहे. ती चित्र हातात घेईल आणि एकच वाक्य बोलेल. ते बरोबर असेल. त्यानंतर चित्र माझं राहणार नाही, सगळे त्याच्याकडे त्या वाक्यातून बघतील. मीसुद्धा.

'हे' विचारत होते, एवढं काय बघतेस त्या कोऱ्या पानाकडे. त्यांना काय सांगू. इतके महिने ती लिहिते आणि मी वाट बघते, लेख कधी येतोय, माझं नाव कुठं येतंय. आज पहिल्यांदा ती वाट बघते आहे. हिंगोलीत बसून, दाराकडे कान लावून.

उद्या साडेसातला हिंगोलीची गाडी आहे, शा. औरंगाबादेला निघायच्या आत पोचते. चित्र शालूखालून काढून ट्रंकेवर ठेवलंय, गुंडाळलेलं नाही. आजचा एक दिवस बघू दे तिला माझी वाट.